बर्म्युडाची नौदल गोदी, मुंबईत बांधलेले तुरुंगजहाज आणि कैद्यांची सक्तमजुरी

नांगरखूण यांचा प्रश्न:

मुंबईच्या गोदीत बांधल्या गेलेल्या जुन्या जहाजांची माहिती जमवत असताना ‘कैखुश्रू’ या जहाजाची हकीकत वाचनात आली आणि ती डोक्यातून जाईना, म्हणून येथे विचारत आहे. हे सागवानी व्यापारी जहाज १७९९ साली मुंबईच्या गोदीत तयार झाले. १८०५ मध्ये ब्रिटिश आरमाराने ते विकत घेऊन त्याला ‘हाऊ’ असे नाव दिले आणि पुढच्याच वर्षी ते बदलून ‘ड्रोमेडरी’ केले. न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर म्हणून नेमला गेलेला लॅकलन मॅक्वारी १८०९ च्या अखेरीस याच जहाजातून सिडनीला पोहोचला. त्यानंतर मात्र या जहाजाच्या नशिबी वेगळेच काम आले. ते अटलांटिक महासागरातील बर्म्युडा बेटावर नेण्यात आले, नौदलाच्या गोदीजवळ कायमचे नांगरले गेले आणि मोडीत निघेपर्यंतची उरलेली वर्षे त्याने तुरुंग म्हणून काढली. त्यातले कैदी रात्री जहाजात कोंडले जात आणि दिवसा गोदीच्या बांधकामावर राबत.

सक्तमजुरी आणि समुद्र हे शब्द एकत्र आले की आपल्याला अंदमान आठवते. परंतु नौदलाची गोदी हे कुशल कारागिरांचे आणि लष्करी गुपितांचे ठिकाण. शिक्षा झालेल्या माणसांना नेमके तेथेच कामाला का लावत असत? त्यांना कोणती कामे दिली जात? हे कैदी कोण होते? आणि ही पद्धत कोणाला दया आली म्हणून बंद झाली, की कामच संपले म्हणून? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

---

सुकाणू यांचे उत्तर:

प्रश्न फार चांगला आहे आणि त्याचे उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखे नाही, म्हणून आधी बर्म्युडापुरते लिहितो.

अमेरिकन वसाहती स्वतंत्र झाल्यावर ब्रिटनपुढे एकाच वेळी दोन अडचणी उभ्या राहिल्या. एक म्हणजे तोपर्यंत शिक्षा झालेली माणसे अमेरिकेत पाठवली जात, तो मार्ग बंद झाला. दुसरी अडचण आरमाराची होती. कॅनडातील हॅलिफॅक्स आणि वेस्ट इंडीज बेटे यांच्या दरम्यानच्या लांबलचक किनाऱ्यावर त्याच्याकडे एकही बंदर उरले नाही. पहिल्या अडचणीवर १७७६ सालच्या कायद्याने तात्पुरता म्हणून उपाय काढला गेला. डोलकाठ्या उतरवलेली जुनी जहाजे थेम्स नदीत वुलिच येथे नांगरायची, त्यांत कैदी ठेवायचे आणि त्यांच्याकडून नदीतला गाळ व वाळू उपसून घ्यायची. हे काम डंकन कॅम्बेल नावाच्या कंत्राटदाराला मिळाले, आणि हाच गृहस्थ त्यापूर्वी कैद्यांना अमेरिकेत पोहोचवण्याचा धंदा करत होता. तात्पुरता म्हणून केलेला तो उपाय इंग्लंडमध्ये १८५७ पर्यंत चालला. पोर्टस्मथ, प्लिमथ, शीअरनेस, चॅटम अशा नौदलाच्या प्रत्येक मोठ्या गोदीजवळ तुरुंगजहाजे उभी राहिली. चॅटम येथील ‘युरिअॅलस’ या जहाजात तर केवळ मुलगे ठेवलेले होते. ट्रॅफल्गारच्या लढाईत नेल्सनच्या ताफ्यासाठी टेहळणी करणारे हे नावाजलेले लढाऊ जहाज. त्याच्या पोटात लहान मुले कोंडली गेली, हे वाचताना आजही अंगावर काटा येतो.

दुसऱ्या अडचणीवर बर्म्युडा हा उपाय ठरला. तेथील प्रवाळखडकांतून मोठ्या जहाजांना सुरक्षित आत आणणारी वाट थॉमस हर्ड या नौदल अधिकाऱ्याने अनेक वर्षे खपून मोजून काढली, आणि १८०९ मध्ये तेथील आयर्लंड नावाच्या छोट्या बेटावर गोदीचे काम सुरू झाले. प्रारंभी बेटावरील गुलाम त्यांच्या मालकांकडून भाड्याने घेऊन आणि मिळतील तेवढे मजुरीचे लोक लावून काम चालवले गेले. मात्र बेटाची वस्ती थोडी, मजुरी महाग, आणि लाटा अडवणारा बंधारा, तटबंदी, कोठारे व धक्के अशी कामाची यादी प्रचंड. अखेर फेब्रुवारी १८२४ मध्ये ‘अँटिलोप’ या जहाजातून ३०० कैद्यांची पहिली तुकडी आली. पुढे ‘ड्रोमेडरी’, ‘कोरोमंडल’, ‘वेमथ’, ‘टेनेडॉस’ आणि ‘मेडवे’ ही जहाजे त्यात भर घालत गेली. १८६३ पर्यंत सुमारे ९,००० कैदी तेथे आणले गेले आणि त्यांपैकी सुमारे २,००० जण तेथेच मरण पावले.

आता कामाविषयी. आपल्या प्रश्नात कुशल कारागिरांचा उल्लेख आहे आणि तो योग्यच आहे. जहाजाचा सांगाडा उभारणे, फळ्या बसवणे, शिडे शिवणे ही कामे पगारी कारागीरच करत. कैद्यांच्या वाट्याला येई ते दगडाचे, मातीचे आणि ओझ्याचे काम. बर्म्युडात बेटाचाच खडक फोडून त्याचे चिरे काढायचे, ते घडवायचे, ओढत किनाऱ्यापर्यंत न्यायचे आणि बंधाऱ्यात रचायचे. तेथील चुनखडीचा दगड ताजा फोडला की पांढराशुभ्र असतो. उन्हात त्यावरून येणारी तिरीप आणि हवेत उडणारी बारीक भुकटी यांमुळे डोळे येणे, डोळ्यांत फुले पडणे आणि काहींना कायमचे अंधत्व येणे हे तेथील नेहमीचे दुखणे झाले होते. संध्याकाळी हेच लोक जहाजाच्या खालच्या मजल्यांवर कोंडले जात. समुद्राकडून वारा येण्यासाठी असलेल्या झरोक्यांना गज, वर उष्ण कटिबंधाजवळचा उन्हाळा, आणि शेकडो माणसे एकमेकांना खेटून. पीतज्वराची साथ आली की ती या जहाजांतून वणव्यासारखी पसरे. १८५३ ची साथ विशेष भयंकर होती. पुढे बोअझ बेटावर जमिनीवरच्या बराकी बांधून काही कैद्यांना तेथे हलवले गेले.

कैद्यांमध्ये चोरी, दरोडा, बनावट नाणी पाडणे अशा गुन्ह्यांचे लोक बहुसंख्य होते. मात्र १८४० च्या दशकात आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडून दुष्काळ पडला, तेव्हा पोटासाठी शेळ्या-मेंढ्या किंवा धान्य चोरणारे पुष्कळ आयरिश शेतमजूर येथे येऊन पडले. आयरिश राष्ट्रवादी जॉन मिचेल यालाही १८४८ मध्ये येथेच आणून ‘ड्रोमेडरी’वर ठेवले होते. दम्याच्या विकारामुळे आणि राजकीय कैदी म्हणून त्याला दगडाच्या कामावर लावले गेले नाही. १८४९ मध्ये त्याला तेथून पुढे पाठवण्यात आले. म्हणजे मुंबईच्या सागवानाच्या भिंतींआड एक आयरिश बंडखोर सुमारे वर्षभर रोजनिशी लिहीत बसला होता.

‘ड्रोमेडरी’ची आणखी एक गोष्ट आपल्या कामाची आहे. जेथे ती नांगरलेली असे तेथील समुद्रतळाचे १९८० च्या दशकात उत्खनन झाले. कैद्यांच्या हातून पडलेल्या किंवा फेकल्या गेलेल्या वस्तूंचा मोठा साठा त्या चिखलात निघाला: हाडाचे आणि दगडाचे कोरीव तुकडे, खेळाच्या सोंगट्या, अंगठ्या, चिलमी, गुंड्या, नाणी. दिवसभर चिरे फोडणारी माणसे रात्री त्याच दगडाच्या कपचीतून बारीक नक्षी कोरत होती आणि ती खलाशांना व शिपायांना विकून तंबाखूपुरते पैसे मिळवत होती. सरकारी अहवालांत कैद्यांचे फक्त आकडे सापडतात, त्यामुळे मला या वस्तू अधिक मोलाच्या वाटतात.

माझे मत सांगायचे तर, शिक्षेचे स्वरूप येथे न्यायालयापेक्षा बांधकामाच्या गरजेने अधिक ठरवले. मोकळा मजूर जेथे येत नाही, आलाच तर परवडत नाही, तेथे कैदी पाठवायचे, हा हिशेब होता.

---

जुनेकागद यांचे उत्तर:

सुकाणू यांनी बर्म्युडाचे चित्र उत्तम मांडले आहे. तथापि त्यांच्या शेवटच्या निष्कर्षाशी मी पूर्णपणे सहमत नाही, आणि त्याचे कारण फ्रान्सच्या इतिहासात आहे.

फ्रान्समध्ये गोदीला मजूर हवेत म्हणून कैदी आणले, असे घडले नाही. तेथे कैदी आधीपासूनच आरमाराच्या गळ्यात होते. चौदाव्या लुईच्या काळात मार्सेय बंदरात वल्ह्यांनी चालणाऱ्या युद्धनौकांचे मोठे दल होते आणि त्या वल्ह्यांवर शिक्षा झालेले लोक साखळीने बांधलेले असत. तोफांनी सज्ज शिडाच्या जहाजांपुढे या नौका निरुपयोगी ठरल्या आणि १७४८ मध्ये ते दल बरखास्त करून नौदलात विलीन केले गेले. नौका गेल्या, पण शिक्षा कायद्यात राहिली आणि माणसेही राहिली. त्यांना तूलाँ आणि ब्रेस्त येथील नौदल गोद्यांत हलवले गेले आणि पुढे १७६० च्या दशकात रॉशफोर येथेही असाच तुरुंग निघाला. ब्रेस्तमध्ये शोके द लँद्यू या अभियंत्याने पाँफेल्ड नदीकाठी, गोदीला लागूनच, सुमारे २५० मीटर लांबीची दगडी इमारत कैद्यांसाठी बांधली. ती १७५१ च्या सुमारास पूर्ण झाली. म्हणजे आधी शिक्षा होती आणि काम मागाहून शोधले गेले.

काम शोधल्यावर मात्र ते भरपूर निघाले. तूलाँचे उदाहरण घ्या. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाही. अटलांटिक किनाऱ्यावर जहाज सुक्या गोदीत (पाणी काढून जहाजाचा तळ दुरुस्त करण्याच्या हौदात) घेताना ओहोटी बरेचसे पाणी आपसूक काढून नेते, तूलाँत ते संपूर्ण पाणी उपसावे लागे. ग्रोन्यार या अभियंत्याने १७७४ ते १७७८ या काळात तेथे सुकी गोदी बांधली, आणि ती रिकामी करण्यासाठी कैद्यांच्या पाळ्या पंपांवर जुंपल्या जात. एका मोठ्या युद्धनौकेच्या तळाची डागडुजी करायची म्हणजे आधी शेकडो माणसांनी ते पाणी हातांनी उपसायचे. याखेरीज ओंडके ओढणे, डोलकाठ्या उभारताना चक्रे फिरवणे, जहाजांत दगडांचा भार भरणे, गाळ काढणे, तोफा हलवणे आणि जुने दोरखंड उकलून फळ्यांच्या फटीत भरण्यासाठी त्यांचा काथ्या पिंजणे ही कामे होती.

तेथे कामाच्या दोन पायऱ्या होत्या. नवा कैदी जड कामावर जाई आणि तेव्हा तो दुसऱ्या एका कैद्याशी पायातल्या साखळीने जोडलेला असे. जोडीदार कोण, हे त्याच्या हातात नसे. झोपणे, उठणे, शौचाला जाणे, ओझे उचलणे सारे त्या दुसऱ्या माणसासोबत. काही वर्षे वर्तणूक चांगली राहिली तर जोड सोडवली जाई, अर्धी साखळी पायात राही आणि मग हलके काम मिळे: रुग्णालयात सेवा, लिखापढी, सुतारकाम. मुदतीची शिक्षा असलेल्याच्या डोक्यावर तांबडी टोपी आणि जन्मठेपवाल्याच्या डोक्यावर हिरवी टोपी असे, त्यामुळे लांबूनही कोणाची शिक्षा किती हे पाहणाऱ्याला कळे. रात्री सर्वांना फळ्यांच्या लांब ओट्यांवर निजवून त्यांच्या साखळ्या एका लोखंडी सळईत ओवल्या जात. कोणी पळाला तर तोफ डागून आसपासच्या गावांना इशारा दिला जाई, आणि पकडून देणाऱ्याला मिळणारे बक्षीस पळालेला जितका दूर सापडेल तितके वाढे.

सर्वांत क्रूर भाग मला प्रवासाचा वाटतो. पॅरिसजवळच्या बिसेत्रच्या तुरुंगातून कैद्यांच्या गळ्यात लोखंडी कडी अडकवून, एका लांब साखळीत बांधून, आठवडेच्या आठवडे त्यांना बंदरापर्यंत नेले जाई. वाटेतल्या गावांतली माणसे ते पाहायला गर्दी करत. हा प्रकार १८३६ मध्ये बंद झाला आणि त्याजागी कोठड्या असलेल्या बंद गाड्या आल्या. अंगावर डाग देण्याची शिक्षा त्याआधीच, १८३२ मध्ये, रद्द झाली होती.

आता माझा मुद्दा. या साऱ्या कामाचा लाभ मिळत असूनही, एकोणिसाव्या शतकात कैदी नकोत असे म्हणणाऱ्यांत नौदलाचेच अधिकारी पुढे होते. कैदी सावकाश काम करतो, सामान चोरतो, त्याच्यावर पहारा ठेवावा लागतो आणि पगारी कारागीर त्याच्या शेजारी उभे राहायला नाखूश असतात, या त्यांच्या तक्रारी होत्या. १८५० मध्ये राष्ट्राध्यक्ष लुई-नेपोलियन याने जाहीरपणे सांगितले की या तुरुंगांतील ६,००० कैद्यांचा अंदाजपत्रकावर फार मोठा भार पडतो आणि त्यांचा उपयोग वसाहतीत करावा. १८५२ पासून कैदी दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गियानात जाऊ लागले आणि १८५४ च्या कायद्याने ती पद्धत पक्की केली. रॉशफोर १८५२ मध्ये, ब्रेस्त १८५८ मध्ये आणि तूलाँ १८७३ मध्ये बंद झाले. नव्या कायद्याने तर आठ वर्षांपेक्षा कमी शिक्षा असणाऱ्याला शिक्षा संपल्यावर तितकीच वर्षे गियानात काढणे भाग पाडले, आणि आठ वा अधिक वर्षांच्या शिक्षेला आजन्म तेथेच राहण्याची अट जोडली. तेव्हा दयेचा प्रश्नच आला नाही. गोदीतून माणूस सुटला, पण तो अधिक दूरच्या आणि अधिक घातक जागी जाऊन पडला.

---

मांडवीतीर यांचे उत्तर:

या चर्चेत गोव्याचा एक धागा जोडावासा वाटतो. शार्ल देलाँ नावाचा तरुण फ्रेंच वैद्य दमणमध्ये असताना इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, तावडीत सापडला. त्याला गोव्यात आणले गेले आणि जानेवारी १६७६ मध्ये झालेल्या जाहीर शिक्षा-समारंभात पाच वर्षे वल्ह्यांच्या नौकेची शिक्षा सुनावली गेली. ही शिक्षा त्याने भोगायची होती ती मात्र पोर्तुगालमध्ये. ब्राझीलमार्गे लिस्बनला पोहोचल्यावर त्याला ज्या तुरुंगात टाकले, त्याचे नाव अजूनही वल्ह्यांच्या नौकेवरूनच होते, पण प्रत्यक्षात वल्ही मारण्याचा संबंधच नव्हता. कैदी दोघे-दोघे साखळीने पायात जोडलेले असत आणि रोज राजाच्या जहाजबांधणीच्या गोदीत नेले जात. तेथे सुतारांना लाकडे पोहोचवणे, जहाजांतून माल उतरवणे, भारासाठी दगड-वाळू गोळा करणे आणि दोरखंड वळायला मदत करणे ही त्यांची कामे होती. देलाँ १६७७ मध्ये सुटला आणि दहा वर्षांनी त्याने आपला वृत्तांत छापला.

जुनेकागद यांनी फ्रान्समध्ये १७४८ नंतर जे झाले म्हणून लिहिले आहे, ते लिस्बनमध्ये त्याच्या सत्तर वर्षे आधीच रुळलेले होते. शिवाय येथे चोर-दरोडेखोरांबरोबर केवळ धर्ममतासाठी शिक्षा झालेले लोकही त्याच साखळीत होते. गोव्यातून आणि वसई-दमणसारख्या उत्तरेकडच्या प्रांतातून पकडल्या गेलेल्या माणसांच्या इतिहासाकडे पाहताना शिक्षेचा हा टप्पा आपण बहुधा विसरतो. जाहीर समारंभाची वर्णने पुष्कळ वाचायला मिळतात, त्यानंतर त्या माणसाचे काय झाले याकडे फारसे कोणी वळत नाही.

---

नांगरखूण यांची पुरवणी:

तिघांचेही मनःपूर्वक आभार. एक उपप्रश्न विचारतो. फ्रेंच अधिकाऱ्यांनी कैदी महाग पडतात असे म्हटले असेल, तर ब्रिटिशांनी बर्म्युडात जवळपास चाळीस वर्षे ही पद्धत का चालू ठेवली? आणि इंग्लंडमध्ये तुरुंगजहाजे १८५७ मध्ये बंद झाल्यावर गोदीतली सक्तमजुरीही थांबली का?

---

सुकाणू यांचे उत्तर:

थांबली नाही, उलट तिचे सर्वांत मोठे काम त्यानंतरच झाले. आणि या उत्तरातच जुनेकागद यांच्या आक्षेपाचाही विचार करतो.

तुरुंगजहाजांच्या जागी जमिनीवरचे तुरुंग आले. पोर्टस्मथला १८५२ मध्ये आणि चॅटमला १८५६ मध्ये गोदीला लागून असे तुरुंग उघडले गेले. पोर्टलंड येथे १८४८ पासूनच नौदलाच्या बंदरासाठी लाटा अडवणारा बंधारा बांधायला कैदी लावलेले होते आणि जिब्राल्टरला १८४२ पासून १८७५ पर्यंत तशीच व्यवस्था होती. याच सुमारास आरमार लाकडाकडून लोखंडाकडे वळले. चॅटमच्या जुन्या गोदीत ‘अकिलीझ’ ही लोखंडी युद्धनौका बांधून १८६३ मध्ये पाण्यात सोडली गेली, तेव्हाच कळून चुकले की जुनी गोदी पुढे पुरणार नाही. म्हणून शेजारच्या सेंट मेरी बेटाची दलदल भरून आणि खोदून तीन विस्तीर्ण जलाशय व नव्या सुक्या गोद्या करण्याचे काम हाती घेतले गेले. ते १८६० च्या दशकाच्या प्रारंभापासून १८८५ पर्यंत चालले आणि त्यामुळे गोदीचा विस्तार जवळजवळ चौपट झाला. खोदाई, भराव, मातीच्या वाघिणी ढकलणे, किनाऱ्याच्या भिंती आणि जागेवरच्या चिकणमातीतून विटा पाडणे यांत कैद्यांचा फार मोठा वाटा होता.

चॅटमचा लौकिक इंग्लंडमधल्या अत्यंत कठोर तुरुंगांपैकी एक असा होता. १८६१ मध्ये तेथे कैद्यांनी मोठे बंड केले. सैन्य आणून ते मोडले गेले आणि पुढाकार घेणाऱ्यांना फटके मारण्यात आले. पुढच्या दशकात तर कामातून सुटका व्हावी म्हणून कैदी आपला हात किंवा पाय मुद्दाम मातीच्या वाघिणींच्या चाकांखाली घालू लागले. अशा घटना इतक्या झाल्या की १८७८ मध्ये सक्तमजुरीच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगापुढेही त्यांची चर्चा झाली. कामाचा जाच किती असावा, याचा दुसरा पुरावा मागण्याची गरज मला वाटत नाही.

आता खर्चाविषयी. कैद्याचे दिवसाचे काम मोकळ्या मजुरापेक्षा कमी भरे, हे ब्रिटिश अधिकाऱ्यांनाही माहीत होते. परंतु हिशेब मांडण्याची त्यांची रीत वेगळी होती. माणसाला इंग्लंडमध्ये तुरुंगात ठेवले तरी त्याचे अन्न, वस्त्र आणि पहारा यांचा खर्च होणारच होता. तो खर्च आधीच धरलेला असल्यामुळे गोदीत त्याने जे काही काम केले ते वरकड मानले जाई. शिवाय बर्म्युडात तुलना करायला मोकळा मजूर पुरेसा नव्हताच. १८३४ मध्ये तेथील गुलामगिरी संपली, तेव्हा भाड्याने गुलाम घेण्याचीही सोय राहिली नाही. फ्रान्समध्ये ब्रेस्त आणि तूलाँ ही भर वस्तीची शहरे होती आणि गोदीच्या दाराशी काम मागणारे लोक उभे असत. माझ्या मते जुनेकागद यांच्या आणि माझ्या निष्कर्षातला फरक या परिस्थितीतून आलेला आहे. त्यांनी सांगितलेला क्रम फ्रान्ससाठी खरा आहे. ब्रिटिश गोद्यांत मात्र कैद्यांचे ठाणे कामाबरोबर येते आणि कामाबरोबर जाते.

बर्म्युडातील ठाणे मुख्य बांधकामे उरकल्यावर १८६३ मध्ये बंद झाले आणि उरलेल्या कैद्यांना बेटाबाहेर नेण्यात आले. शिक्षा संपलेल्यांनाही तेथे स्थायिक होण्याची मुभा नव्हती, त्यामुळे ऑस्ट्रेलियाप्रमाणे कैद्यांच्या वंशजांचा समाज तेथे निर्माण झाला नाही. एक गोष्ट जाता जाता नोंदवतो, कारण ती गोदीच्या अभ्यासकाला महत्त्वाची वाटेल. इतक्या वर्षांच्या दगडकामानंतरही बर्म्युडाला सुकी गोदी मिळालीच नाही, कारण तेथील खडक सच्छिद्र आहे आणि त्यात खोदलेल्या गोदीत पाणी झिरपत राहते. शेवटी १८६९ मध्ये इंग्लंडमधून एक प्रचंड लोखंडी तरंगती गोदी महासागरातून ओढत आणली गेली. विसाव्या शतकाच्या आरंभी याच गोदीचा दक्षिणेकडे विस्तार झाला, तेव्हा ते काम वेस्ट इंडीजच्या इतर बेटांवरून आणलेल्या रोजंदारी मजुरांनी केले. जिब्राल्टरची गोदी १८९० च्या दशकात वाढवली गेली तीही स्पेनमधून येणाऱ्या मजुरांच्या बळावर.

चॅटमचे जलाशय १८८५ मध्ये पूर्ण झाले आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत तेथील तुरुंग बंद करण्यात आला. इमारती पाडून त्याच जागेवर नौदलाच्या खलाशांसाठी बराकी बांधल्या गेल्या, त्या १९०३ मध्ये वापरात आल्या आणि आज तेथे विद्यापीठाचे वर्ग भरतात.